डॉक्टर, आमची पाच मिनिटं परत द्या

इचलकरंजी आणि आसपासच्या सर्व दंतवैद्यांना, तसंच त्यांच्या संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी दातांच्या दवाखान्यात असिस्टंट आहे. चौदा वर्षं झाली, तीन दवाखाने झाले. तुम्ही पेशंटच्या उजव्या बाजूला बसता आणि मी डाव्या बाजूला सक्शनची नळी धरून उभी असते. तुम्ही हात पुढे केला की मागायच्या आत मिरर, प्रोब, चिमटा हातात पडतो, ती मी. नाव लिहीत नाही, कारण उद्या कामावर जायचं आहे. दवाखान्यांची नावंही लिहीत नाही. हे एकाच ठिकाणचं असतं तर सरांशी बोलून मिटवलं असतं, पत्र लिहायला बसले नसते.

गेल्या महिन्यात आमच्याकडे नवं वेळापत्रक लागलं. आधी अर्ध्या तासाला एक पेशंट होता, आता वीस मिनिटांना एक. आम्ही दोघी असिस्टंट होतो, त्यातल्या एकीला रिसेप्शनवर बसवलं. दाढ काढलेल्या पेशंटला मी दुसऱ्या दिवशी सकाळी फोन करायची, तो बंद झाला. आता व्हॉट्सअ‍ॅपवर सूचनांचं एक चित्र जातं, छान निळ्या रंगाचं, सगळं इंग्रजीत. मी सरांना विचारलं तर म्हणाले, "अगं, चेअरचा हप्ता, आरव्हीजीचा हप्ता, गाळ्याचं भाडं, कुठून भरायचं?" आरव्हीजी म्हणजे दातांचं डिजिटल एक्स-रे मशीन. त्यांचं खोटं नाही. गल्लीगल्लीत दवाखाने झालेत, स्पर्धा आहे, पेशंट शंभर रुपयांसाठी घासाघीस करतो, हे मी रोज बघते. पण हप्ता भरायला जी मिनिटं कापली, ती नेमकी कुठून कापली गेली ते तुम्हाला खुर्चीवरून दिसत नाही. डाव्या बाजूने दिसतं.

पहिल्यांदा पेशंटचं सांगते.

दाढ काढून झाली की तुम्ही हातमोजे काढता आणि पुढच्या केसपेपरकडे वळता. खरं काम तिथून सुरू होतं. पेशंटच्या तोंडात गॉजचा बोळा असतो, अर्धा गाल बधिर, त्यात घाबरलेला. त्याला बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायला सांगायचं. थुंकू नका, लाळ गिळा. आज चूळ भरायची नाही, उद्यापासून मिठाच्या कोमट पाण्याने हळू खळखळवायचं. आज गरम चहा नको, मिसळीचा कट तर नकोच, दहीभात चालेल, गार ताक चालेल. स्ट्रॉने काही ओढायचं नाही. तंबाखू, मावा, मिश्री बंद. हे सगळं का, तर दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते आणि तीच जखमेवरचं झाकण असते. थुंकून, ओढून, चूळ भरून ती निघाली की खालचं हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस कानापर्यंत ठणका घेऊन परत येतो. तुम्ही त्याला ड्राय सॉकेट म्हणता. आमच्याकडचे लोक म्हणतात, "दाढ काढली आणि जास्तच झालं."

हे पेशंटच्या भाषेत सांगायला पाच मिनिटं लागतात. आमच्या गावात ती भाषा मराठी असते, कन्नड असते, यंत्रमागावर कामाला आलेल्या पोरांची हिंदी असते. इंग्रजी कुणाचीच नसते.

नवं वेळापत्रक लागल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एक आजी आल्या. खालची मागची दाढ काढून चार दिवस झाले होते. पदराची घडी गालाला लावलेली, तोंड उघडताना डोळ्यांत पाणी. मी विचारलं, "आजी, मिश्री लावली काय?" म्हणाल्या, "व्हय बाई. दुखतंय म्हणून जरा जास्तच लावली." त्यांचं काय चुकलं? दात दुखला की मिश्री लावायची, हे त्या पन्नास वर्षं करत आलेल्या. सूचनांचं निळं चित्र नातवाच्या मोबाईलवर गेलं होतं आणि नातू पुण्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझा फोन गेला असता तर पहिला प्रश्न मिश्रीचाच असता, कारण चौदा वर्षांत बायकांना पहिला प्रश्न मी तोच विचारते. आजींना मग औषधाची पट्टी भरायला एक दिवसाआड तीनदा यावं लागलं. रिक्षाचे पैसे वेगळे, सुनेची रजा वेगळी. आणि हिशेबच करायचा तर, सर, त्या तीन खेपांत तुमचीही मिनिटं गेलीच.

लहान मुलांचंही तसंच. भूल दोन-तीन तास राहते. तोवर ओठ बधिर असतो आणि पोरगं तो चघळत बसतं. संध्याकाळी ओठ भजीसारखा सुजतो, आई घाबरून पळत येते की इंजेक्शनचं इन्फेक्शन झालं. एका वाक्याचं काम असतं ते.

माहितीचा फॉर्मही घाईत कोराच राहायला लागलाय. रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे का, शुगर आहे का, कधी कावीळ झाली होती का. पूर्वी मी पेशंटच्या शेजारी बसून विचारायची. आता रिसेप्शनवरची मुलगी फॉर्म हातात देते, पेशंट नाव आणि फोन नंबर लिहितो, खाली सही करतो. मधल्या सगळ्या चौकटी रिकाम्या. हा फॉर्म पेशंटच्या जिवासाठी आहे, तसा माझ्याही जिवासाठी आहे. ते कसं, ते पुढे येईलच.

आता हत्यारांचं. ऑटोक्लेव्ह, म्हणजे वाफेने हत्यारं निर्जंतुक करायचं मशीन, १२१ अंशांवर पंधरा ते वीस मिनिटं चालवायचा, हे तुम्हीच मला शिकवलंत. पण ती वीस मिनिटं म्हणजे फक्त तापलेल्या अवस्थेतली. आधी हत्यारं ब्रशने घासायची, धुवायची, पुसायची, पाऊचमध्ये भरायची. मग मशीन तापणार, मग वीस मिनिटं, मग वाफ सोडून पाऊच सुकणार. झाकण लावल्यापासून कोरडं पाऊच हातात येईपर्यंत पाऊण तास धरा. वीस मिनिटांना एक पेशंट म्हटलं की पाऊण तासात दोन पेशंट होऊन तिसरा खुर्चीत बसलेला असतो. आमच्याकडे हँडपीस, म्हणजे दात कोरायचं फिरतं हत्यार, दोन आहेत. आता तुम्हीच सांगा, तिसऱ्याच्या तोंडात कोणता जातो?

उत्तर तुम्हाला माहीत आहे. स्पिरिटच्या बोळ्याने पुसलेला.

हँडपीसच्या आत पाणी आणि हवा फिरते, थांबताना तो थोडं आत ओढून घेतो. बाहेरून पुसून आतलं जात नाही. सकाळी चेअरचं पाणी दोन मिनिटं सोडून द्यायचं आणि दोन पेशंटच्या मध्ये वीस-तीस सेकंद, हेही आता कुणी करत नाही. मी करते. पण मी एका वेळी सक्शनला असते, सिंकवर असते आणि एक्स-रेलाही असते. पाऊचवरच्या टेपच्या रेघा काळ्या झाल्या की सगळं झालं असं धरलं जातं. टेप फक्त मशीन तापल्याचं सांगते. जंतू मेले की नाही हे बीजाणूंच्या चाचणीने कळतं, म्हणजे चिवट जंतूंची पट्टी मशीनमध्ये घालायची आणि ते मेले का बघायचं. चौदा वर्षांत ती चाचणी मी एकाच दवाखान्यात पाहिली. तिथल्या मॅडम दर सोमवारी करायच्या आणि वहीत तारीख घालून सही करायच्या. तो दवाखाना फार मोठा नव्हता, महागही नव्हता.

रविवारी व्हिजिटिंग सर्जन येतात, अक्कलदाढांना. त्यांची स्वतःची बॅग असते. सकाळी दुसऱ्या गावात दोन केस करून ती बॅग दुपारी आमच्याकडे उघडते. बॅगेतली हत्यारं कधी निघाली, कुठे उकळली, विचारायची माझी प्राज्ञा नाही. तुमची आहे.

हे मी वाढवून सांगतेय असं वाटत असेल तर २०२३ साली तामिळनाडूत वाणियंबाडीला काय झालं ते आठवा. एका दातांच्या दवाखान्यातून गेलेल्या पेशंटना मेलिऑयडोसिस या जिवाणूजन्य आजाराचा संसर्ग झाला, तो मेंदूपर्यंत गेला आणि आठ जण दगावले. तपासात बोट गेलं ते जखम धुवायच्या सलाईनच्या बाटलीकडे. बाटली निर्जंतुक नसलेल्या हत्याराने उघडलेली, अर्धवट वापरून पुन्हा वापरलेली. सलाईनची बाटली किती रुपयांची असते हे तुम्हाला मी सांगायला नको. आमच्याकडेही ती सकाळी फोडतात आणि संपेपर्यंत चालवतात. मंगळवारची बाटली गुरुवारी माझ्या हातात असते.

आता माझं.

२०२१, दिवाळीच्या आधीचा शनिवार, रात्रीचे सव्वाआठ. शेवटचा पेशंट निघून गेला होता. मी ट्रे उचलला. रक्ताळलेल्या गॉजखाली सुई होती, टोपण नसलेली. हातमोज्यातून उजव्या हाताच्या मधल्या बोटात गेली. मोजा आतून लाल झाला तेव्हा कळलं. त्या वेळचे सर धावत आले, म्हणाले, "दाब, रक्त पिळून काढ." मी पिळलं. पिळायचं नसतं, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं असतं, हे मला नंतर कळलं. सर माणूस म्हणून वाईट नव्हते, त्यांचा चेहरा माझ्यापेक्षा पांढरा पडला होता. पण पुढे काय करायचं हे त्यांनाही माहीत नव्हतं. पेशंट कोण होता हे माहीत होतं, त्याला काय होतं ते नाही. फॉर्म कोरा. फोन लावला, बंद. रविवार असाच गेला. सोमवारी सकाळी दहाला मी स्वतः सरकारी रुग्णालयात गेले. तिथल्या समुपदेशक ताईंनी विचारलं, "सुई कधी टोचली?" मी सांगितलं. त्या म्हणाल्या, एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, बहात्तर तासांनंतर देत नाहीत. माझे अडतीस तास गेले होते.

अठ्ठावीस दिवस गोळ्या घेतल्या. मळमळ, चक्कर, सकाळी पोळ्या लाटताना भिंतीला धरून उभं राहायचं. ताई म्हणाल्या होत्या, एचआयव्हीची भीती फार घेऊ नका, पेशंटला असला तरी अशा टोचण्यातून तो हजारात तिघांना होतो. पण हेपॅटायटिस बी, म्हणजे रक्तातून पसरणारी कावीळ, जास्त चिवट. पेशंटला तो असेल आणि तुम्ही लस घेतलेली नसेल तर शंभरात सहापासून तीसपर्यंत. लस घेतली होती का? नव्हती. दहा वर्षं लोकांच्या रक्तात हात घालून काम केलं आणि लस हा शब्द कुणी काढला नव्हता. तुम्ही स्वतः सगळ्यांनी कॉलेजात असतानाच घेतलेली असते.

सहा महिने तपासण्या चालल्या. घरात माझं नेलकटर वेगळं ठेवलं होतं. मुलगा विचारायचा का, तर सांगायची, गंजलंय ते. शेवटची तपासणी निगेटिव्ह आली त्या दिवशी मी रुग्णालयाच्या पायरीवर बसून उसाचा रस प्यायले, एवढंच आठवतं. त्या महिन्याच्या पगारातून तीन दिवसांचे पैसे कापले होते. लसीचे पैसे मी भरले.

नवं वेळापत्रक लागल्यापासून ट्रेवर तशाच सुया पुन्हा दिसायला लागल्यात. घाईत तुम्ही सुई ठेवता आणि वर गॉज टाकता. म्हणून हे पत्र.

बाकीच्या गोष्टी भराभर सांगते. एक्स-रे काढताना पेशंटच्या तोंडात सेन्सर बोटाने धरून उभं राहायला आम्हाला सांगू नका. तुमच्या मशीनसोबत होल्डर आलाय, तो ड्रॉवरमध्ये पडलाय. एक्स-रेवर देखरेख ठेवणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम मशीनला आहेत तसे माणसालाही आहेत. हत्यारं बुडवायच्या ग्लुटरअल्डिहाइड या जंतुनाशकाच्या डब्याला झाकण हवं आणि त्या खोलीला खिडकी, कारण डोळे चुरचुरतात आणि संध्याकाळी खोकला सुटतो. हत्यारं घासायला जाड मोजे हवेत. माझे मी भांड्यांच्या दुकानातून आणलेत, गुलाबी आहेत. आणि स्टूल. तुमच्या स्टुलाला पाठ आहे. मला स्टूलच नाही. सकाळी दहा ते दोन आणि पाच ते नऊ, मान वाकडी करून सक्शन धरते.

करोनात एक झालं होतं, ते खरंच सांगायला हवं. दवाखाने उघडले तेव्हा दोन पेशंटच्या मध्ये वेळ होता, एन-९५ होते, फॉर्म शेवटपर्यंत भरले जायचे, खिडक्या उघड्या असायच्या. तेव्हाही हप्ते होतेच. म्हणजे जमत नाही असं नाही.

मी कायदा शिकलेली नाही. पण बोटाला सुई लागल्यावर वाचायला शिकले. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत लिहिलंय की कचरा हाताळणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याला हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस द्यायची, कामावर घेताना आणि पुढे दरवर्षी आरोग्य तपासणी करायची, तसंच प्रशिक्षणही द्यायचं. हे मालकाचं काम आहे आणि दवाखाना एका खुर्चीचा असला तरी सुटका नाही. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यात कलम १९ आहे. आरोग्यसेवा देणाऱ्या आस्थापनेने तिथे काम करणाऱ्यांना बचावाची साधनं, ती वापरायचं शिक्षण आणि सुई टोचल्यानंतरचे उपचार द्यायचे. 'द्यायचे' म्हणजे मालकाने, असिस्टंटने रिक्षा करून शोधायचे नाहीत.

कामगारांच्या सुरक्षेचे मोठे कायदे मात्र आमच्या दारापर्यंत येत नाहीत. महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने आणि आस्थापना कायदा आधी मुख्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्यांना लागायचा, २०२५ मध्ये तो आकडा वीस केला. केंद्राची नवी सुरक्षा संहिता २०२५ च्या नोव्हेंबरात लागू झाली, तिथेही सर्वसाधारणपणे दहाचा आकडा. आमच्या दवाखान्यात आम्ही तिघी. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्याने तुमची नोंदवही केली, दात साफ करणाऱ्या हायजिनिस्टची केली, कवळ्या करणाऱ्या मेकॅनिकचीही केली. असिस्टंटची नाही. म्हणजे मी त्या कागदावर कुठेच नाही, फक्त तुमच्या डाव्या हाताला आहे. म्हणूनच मी लेबर ऑफिसला न लिहिता तुम्हाला लिहितेय.

मागण्या फार नाहीत.

हेपॅटायटिस बीची लस प्रत्येक असिस्टंटला, सफाईच्या मावशींना आणि लॅबमध्ये कवळ्यांचे साचे उचलणाऱ्या पोरांनाही. तीन डोस आहेत, आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात. त्यानंतर रक्तात संरक्षण आलं की नाही याची तपासणी. खर्च दवाखान्याचा. तुमच्या संघटनेने वर्षातून एक रविवार ठरवून सगळ्या गावाचं एकदम केलं तर आणखी स्वस्त पडेल.

ज्याने सुई वापरली, त्यानेच ती टाकायची. टोपण लावायचंच असेल तर ते ट्रेवर आडवं ठेवून एका हाताने. पांढरा, न टोचणारा डबा खुर्चीपासून हाताच्या अंतरावर ठेवा, आत सिंकखाली नको.

सुई टोचली तर काय करायचं, कुठे जायचं, रात्री कुठलं दार उघडं असतं, याचा मराठीतला एक कागद प्रत्येक सिंकच्या वर चिकटवा. त्या दिवसांचा पगार कापू नका आणि घटनेची नोंद वहीत करा. लपवू नका. नोंद झाली म्हणून दवाखान्याची बदनामी होत नाही.

वीस मिनिटांचं वेळापत्रक ठेवायचंच असेल तर हँडपीस तेवढे घ्या, किट तेवढी घ्या. नसेल जमत तर वेळापत्रक बदला. यात तिसरा रस्ता मला तरी दिसत नाही. सलाईन छोट्या बाटलीचं घ्या, उरलं तर ओता.

आणि पेशंटसाठी पाच मिनिटं. दाढ काढल्यावर समोर बसून सांगायला, त्याच्या भाषेत, सोबत आलेल्या माणसाला घेऊन. छापील कागद मराठीत, कन्नडमध्ये, हिंदीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आवाजातली सूचना रेकॉर्ड करा, मी बोलून देते, त्याचे पैसे नकोत. दुसऱ्या दिवशी सकाळचा फोन पुन्हा सुरू करा. एका फोनला दोन मिनिटं लागतात आणि दिवसाला तीन-चारच असतात. हे तुम्हाला सेवा म्हणून जमत नसेल तर धंदा म्हणून करा. आजींच्या गल्लीत आता तुमच्याकडे कुणी दाढ काढायला यायचं नाही, तेवढं मला कळतं.

तुमच्यातले काही जण हे सगळं आधीच करतात. त्यांच्याकडे काम केलेल्या मुली मला भेटतात. त्यांना हे पत्र लागू नाही, पण त्यांनी बैठकीत चार शब्द बोलावेत, कारण आम्हाला त्या बैठकीत खुर्ची नसते. पुढच्या बैठकीला एका असिस्टंटला बोलवा. मी येईन. तेव्हा नावही सांगेन.

आमच्याकडे सोमवारी नवी मुलगी लागली आहे. एकोणीस वर्षांची, बारावी झालेली, हुशार आहे, दोन दिवसांत फाईलींचे नंबर पाठ केले. काल संध्याकाळी तिने पहिल्यांदा एकटीने ट्रे उचलला. मी सिंकवरून ओरडले, "थांब, गॉज आधी चिमट्याने बाजूला कर." गॉजखाली सुई होती. तिला अजून एकही डोस मिळालेला नाही.

आपली,
डाव्या बाजूची असिस्टंट